निजलेला नायक, राबणारे हात : गोंचारोवची ‘ओब्लोमोव’

‘ओब्लोमोव’ ही इव्हान गोंचारोवची कादंबरी 1859 च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ‘ओतेचेस्त्वेन्नीये झापिस्की’ या पीटर्सबर्गच्या मासिकातून चार हप्त्यांत छापून आली आणि त्याच वर्षी तिचे पुस्तक निघाले. तिचे कथानक चार ओळींत संपते. इल्या इल्यिच ओब्लोमोव नावाचा बत्तीस-तेहतीस वर्षांचा जमीनदार पीटर्सबर्गमधल्या भाड्याच्या घरात दिवसच्या दिवस लोळून काढतो. बालमित्र स्टोल्त्स त्याला उठवून बाहेर नेतो. ओल्गा नावाची तरुणी त्याच्यावर प्रेम करू लागते, त्याचेही तिच्यावर प्रेम बसते; पण लग्नापूर्वी जी धावपळ करावी लागते ती त्याच्याने होत नाही. ओल्गा पुढे स्टोल्त्सशी लग्न करते, ओब्लोमोव आपल्या घरमालकिणीशी. मग तो मरतो. एवढ्याशा ऐवजावर चार भागांची जाडजूड कादंबरी उभी आहे, आणि रशियन वास्तववादातल्या पहिल्या रांगेच्या पुस्तकांत तिची गणना होते.

ऐकीव माहितीवर तिला ‘आळशी माणसाची गोष्ट’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. ओब्लोमोव आळशी आहे यात वाद नाही. पण गोंचारोवचे लक्ष जितके निजलेल्या माणसावर आहे तितकेच तो निजलेला असताना जी माणसे उभी असतात त्यांच्यावर आहे. कुणी मोजे चढवतो, कुणी कॉफी दळते, कुणी शेत नांगरतो, कुणी हिशेब तपासतो. ही माणसे नजरेआड केली तर पुस्तक नुसते गमतीदार वाटते. ती ध्यानात ठेवून वाचले तर त्यातल्या दोन्ही प्रेमकथा वेगळ्याच दिसू लागतात.

गोंचारोव 1812 मध्ये व्होल्गाकाठच्या सिम्बिर्स्क गावी धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मला. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. पुढे त्याच्या वाढीकडे लक्ष दिले ते निकोलाय त्रेगुबोव या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने. हे गृहस्थ खानदानी जमीनदार. त्यामुळे व्यापाऱ्याच्या घरची लगबग आणि उमरावी सुस्ती या दोन्ही गोष्टी मुलाने जवळून पाहिल्या. मॉस्को विद्यापीठातले शिक्षण 1834 मध्ये संपल्यावर तो राजधानीत आला आणि अर्थखात्यात भाषांतरकार म्हणून चिकटला. 1856 पासून तो सरकारी सेन्सॉर होता. अविवाहित राहिला, 1891 मध्ये पीटर्सबर्गमध्येच वारला. उभ्या आयुष्यात तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली मधली ही.

‘ओब्लोमोव’ लिहून व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. ‘ओब्लोमोवचे स्वप्न’ हे प्रकरण 1849 मध्येच स्वतंत्रपणे छापले गेले होते. नंतर लेखन रखडले. 1852 मध्ये गोंचारोव अॅडमिरल पुत्यातिनचा चिटणीस म्हणून ‘पल्लादा’ या युद्धनौकेवर चढला, इंग्लंड, आफ्रिकेचे दक्षिण टोक, सिंगापूर असे करत जपानपर्यंत गेला आणि 1855 मध्ये सैबेरियातून खुष्कीच्या मार्गाने परतला. मित्रमंडळी ज्याला आळसाचा राजपुत्र म्हणून चिडवत, त्याने अर्ध्या जगाला वळसा घातला तो असा. परतल्यावर येलिझावेता तोल्स्ताया या तरुणीवर त्याचे मन जडले. तिने दुसऱ्याशी लग्न केले. ओल्गाच्या चित्रणात तिचा अंश आहे असे अभ्यासक मानतात. 1857 च्या उन्हाळ्यात प्रकृतीसाठी तो मारिएनबादच्या झऱ्यांवर राहिला आणि तिथे सुमारे सात आठवड्यांत कादंबरीचा बहुतेक उरलेला भाग कागदावर उतरला. निष्क्रियतेवरची ही कादंबरी वर्षानुवर्षे पडून राहावी आणि मग एका दमात संपावी, हा योगायोग तिच्या वाचकांना नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

पहिला भाग जवळजवळ संपूर्ण एका दिवसाचा आहे. तारीख 1 मे, स्थळ गोरोखोवाया रस्त्यावरचे घर. ओब्लोमोव पर्शियन कापडाच्या घोळदार झग्यात पलंगावर आहे. भिंतींवर जळमटे, टेबलावर रात्रीच्या जेवणाची उष्टी ताटली आणि चघळलेले हाड, पडलेले वर्तमानपत्र गेल्या वर्षीचे. दोन संकटे एकदम आली आहेत. गावच्या मुखियाचे पत्र आले आहे की यंदा उत्पन्न दोनेक हजार रूबलांनी घटणार. आणि घरमालकाला दुरुस्ती काढायची असल्याने जागा सोडायची आहे. दिवसभर पाहुणे येतात: छानछोकीचा वोल्कोव, बढती मिळालेला कारकुनी साहेब सुदबिन्स्की, लेखक पेन्किन, ज्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही असा अलेक्सेयेव, आणि गावबंधू म्हणवणारा भामटा तारांत्येव. जो तो ‘चला, फिरायला’ म्हणतो. ओब्लोमोव प्रत्येकाची कीव करतो: किती ही धडपड, हा माणूस जगतो कधी? आणि पंचाईत अशी की त्याचे म्हणणे सरसकट खोटे ठरवता येत नाही. राजधानीतल्या या धावपळीत खरोखरच काही अर्थ दिसत नाही; गोंचारोवने पाहुणे मुद्दाम तसेच निवडले आहेत.

घरमालकाला पत्र लिहिण्याचा प्रसंग या भागातला सर्वांत नेमका. ओब्लोमोव अखेर लेखणी उचलतो. दोन वाक्ये होतात. मग त्याच्या लक्षात येते की ‘जो’ हे सर्वनाम लागोपाठ दोनदा आले आहे आणि ‘की’सुद्धा दोनदा. तो एक खोडतो, दुसरे बदलतो, वाक्य आणखी बिघडते. शेवटी कागदाचे चार तुकडे होऊन जमिनीवर पडतात. जागा सोडण्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. या माणसाला लिहिता येत नाही असे नाही. उलट त्याला चांगले लिहिलेले कळते, आणि त्या कळण्यातच काम बुडते. नोकरी त्याने अशाच एका प्रसंगानंतर सोडलेली असते. आस्त्राखानला जायचे महत्त्वाचे कागद त्याने आर्खांगेल्स्कला रवाना केले, म्हणजे दक्षिणेचे उत्तरेला. वरिष्ठांच्या भीतीने तो आजारी पडला आणि डॉक्टरचा दाखला देऊन मोकळा झाला.

घरगडी झाखार त्याच्यासारखाच सुस्त, वर तोंडाळ. काखेत फाटलेला करडा कोट घालून तो धुळीबद्दल धन्याशीच हुज्जत घालतो. घर बदलण्याच्या गोष्टीवर तो सहज म्हणून जातो की इतर लोक बदलतातच की. धनी या एका शब्दाने घायाळ होतो. इतर लोक! मग तो झाखारला लांबलचक सुनावतो: आपण कधी थंडी सोसली नाही, भूक सोसली नाही, जन्मात स्वतःचा मोजा स्वतः चढवला नाही, आणि तू मला इतरांच्या पंक्तीला बसवतोस? झाखार रडू लागतो. प्रसंग हास्यास्पद आहे, पण बोलणारा हे सारे अभिमानाने सांगतो आहे आणि ऐकणारा ते मान्य करतो आहे. ‘असेल माझा हरी’ म्हणणाऱ्याला खाटल्यावर देणारा हरी ओब्लोमोवच्या बाबतीत हाडामांसाचा आहे: एक झाखार घरात, आणि साडेतीनशे भूदास गावाकडे.

हे सारे कुठून आले, याचे उत्तर ‘ओब्लोमोवचे स्वप्न’ देते. सात वर्षांचा इल्यूशा ओब्लोमोवका या वडिलोपार्जित गावी जागा होतो. इथे डोंगर बुटके, नदी मंद, ऋतू वेळेवर. घरातला सगळ्यांत गंभीर विषय म्हणजे दुपारचे जेवण. रविवारी भाजलेला सारणाचा अवाढव्य पाव शुक्रवारपर्यंत पुरतो. जेवणानंतर गाव असे झोपते की चोरालाही अडवायला कुणी नाही. पण चोरही नाही. त्या तासाभरात एकटा मुलगा जागा असतो आणि मोडक्या सज्जावर, दरीच्या कडेला, जिथे जाऊ नको म्हटले आहे तिथे पळतो. मूल जन्मजात सुस्त नाही, हे गोंचारोव इथे न बोलता सांगून टाकतो. मग दाई उठते. थंडीत बर्फाचे गोळे फेकायला निसटलेल्या मुलाला पकडून, गुंडाळून, तीन दिवस अंथरुणात ठेवले जाते. काही हवे असेल तर हाक मारायची, तीन-चार नोकर धावतात; स्वतः धावायला गेले की आई, बाप आणि आत्या एका सुरात ओरडतात. शिकायला शेजारच्या गावी स्टोल्त्सच्या जर्मन बापाकडे पाठवतात, पण सणवार, थंडी, गरमी असे कुठले ना कुठले निमित्त काढून त्याला घरीच ठेवतात.

याच स्वप्नात एक पत्र येते. ओब्लोमोवकात पत्र येणे ही आफत. कोण लिहील, कशाला लिहील, वाईट बातमी असेल का? ते कुलपात ठेवले जाते. चौथ्या दिवशी धीर करून फोडतात, तर एका ओळखीच्या गृहस्थाने बिअरची कृती मागवलेली! उत्तर द्यायचे ठरते, पण कृतीचा कागद सापडत नाही, टपालाचे चाळीस कोपेक जिवावर येतात, आणि उत्तर राहते ते राहतेच. बापाचे न लिहिलेले पत्र आणि मुलाचे फाडलेले पत्र यांत एका पिढीचे अंतर आहे, इतकेच. बाप निर्धास्त होता. मुलाला निदान लाज वाटते.

आंद्रेई स्टोल्त्स पहिल्या भागाच्या अखेरीस दारात उभा राहतो. बाप जर्मन, आई रशियन. व्यापार, प्रवास, नेमस्त खर्च, नेमस्त भावना. ओब्लोमोववर त्याचा खराखुरा जीव आहे. तो त्याला घराबाहेर काढतो, आता नाही तर कधीच नाही असे बजावतो, आणि परदेशी निघून जाण्यापूर्वी ओल्गा इल्यिन्स्कायाशी त्याची गाठ घालून देतो.

ओल्गा वीस वर्षांची, आईबाप नसलेली, मावशीकडे वाढलेली. ती बेल्लिनीच्या ‘नॉर्मा’ या ऑपेरातले ‘कास्ता दिवा’ गाते आणि ओब्लोमोवच्या तोंडून प्रेमाची कबुली निसटून जाते. पुढचा उन्हाळा शहराबाहेरच्या बंगल्यांत. तो सकाळी सातला उठतो, वर्तमानपत्र वाचतो, टेकड्या चढतो, दुपारी झोपत नाही. ओल्गाने तोडून टाकलेली लायलॅकची फांदी तो उचलतो आणि ती फांदी दोघांमधली खूण होते. गोंचारोवची लेखणी या भागात इतकी सावकाश, इतकी बारीक चालते की वाचकालाही वाटू लागते, जमेल याला. पण ओल्गाच्या प्रेमात आरंभापासून एक योजना आहे. झोपलेल्याला आपण जागे करू, त्याच्याकडून पुस्तके वाचून घेऊ, शेतीवाडी मार्गी लावायला लावू, आणि स्टोल्त्स परत येईल तेव्हा त्याला चकित करू. ही भावना खोटी नाही, मात्र तिच्यात शिक्षिकेचा आनंद मिसळलेला आहे. ओब्लोमोवला ते कळते. तो तिला पत्र लिहितो की तुझे प्रेम माझ्यावर नाही, पुढे येणाऱ्या कुणाची तरी ही पूर्वतयारी आहे. आश्चर्य म्हणजे हे पत्र तो पुरे करतो, पाठवतोही. आणि ती वाचताना कशी दिसते हे पाहायला झुडपाआड लपतो. ती रडते, आणि तो सुखावतो. तिने नंतर त्याला बरोबर पकडले आहे: या त्यागात तुला माझे अश्रू हवे होते.

उन्हाळा संपतो, लग्नाचे ठरते, आणि प्रेमाला व्यवहाराची कामे चिकटतात. गावी जाऊन घर बांधून घ्यायचे, मुखत्यारपत्र करायचे, पैशाची सोय लावायची. दरम्यान तारांत्येवने त्याच्याकडून व्हिबोर्ग भागातल्या एका घराच्या करारावर सही घेतलेली असते. नेव्हा नदीपलीकडची ही साधी वस्ती. घर अगाफ्या मात्वेयेव्ना प्शेनित्सिना या विधवेचे. करार मोडायला म्हणून गेलेला ओब्लोमोव तिथेच राहतो. हिवाळ्याच्या तोंडावर नदीत बर्फ वाहू लागते, तरते पूल काढून घेतले जातात, ओल्गाकडे जाण्याची वाट बंद होते. आपल्याला केवढे दुःख झाले आहे असे तो स्वतःला सांगतो. पण मनातून सुटल्यासारखे वाटते. पूल पुन्हा जोडले जातात तेव्हा तो आजारपणाची सबब पाठवतो. ओल्गा रीतभात बाजूला ठेवून स्वतः त्याच्या घरी येते आणि खरे काय ते तिला दिसते.

फारकतीच्या प्रसंगात ओल्गा जे बोलते ते या कादंबरीच्या गाभ्याचे आहे. आपण ज्याच्यावर प्रेम केले तो आज समोर बसलेला माणूस नसून पुढे होणारा ओब्लोमोव होता, स्टोल्त्सने आणि आपण मिळून कल्पिलेला, हे ती कबूल करते. त्याला कशाने बुडवले, असे ती विचारते, आणि तो एका शब्दात उत्तर देतो: ओब्लोमोव्श्चिना, म्हणजे ओब्लोमोवपणा. स्टोल्त्सने हा शब्द आधी चेष्टेने, वैतागाने वापरलेला. आता रोगीच आपल्या रोगाचे नाव सांगतो. त्या रात्री तो घरी येतो तेव्हा टाकून दिलेला जुना झगा घरमालकिणीने धुऊन, ठिगळ लावून ठेवलेला असतो.

अगाफ्या मात्वेयेव्ना वाचकाला आधी दिसते ती हातांनी. ओब्लोमोव नवा राहायला आला असताना दाराच्या फटीतून सारणाच्या वाफाळत्या पावाची ताटली धरलेला एक हात आत येतो. मग तिची उघडी, गोरी, गुटगुटीत कोपरे: दळताना, चाळताना, शिवताना अखंड हलणारी. ओब्लोमोव ती बघत पडून राहतो. ती फारशी बोलत नाही, पुस्तकाचे तिला काही कळत नाही, आणि त्याच्याकडून तिची कसलीच अपेक्षा नाही. तारांत्येव आणि तिचा भाऊ मिळून ओब्लोमोवकडून दहा हजारांचा खोटा कर्जरोखा लिहून घेतात; गावाकडचा पैसा त्यात जाऊ लागतो आणि घरात ओढाताण सुरू होते. ताटातले पदार्थ कमी होऊ नयेत म्हणून ती आधी मोती, मग चांदी, मग लोकरी झगा गहाण टाकते. ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याला पत्ता नसतो. कादंबरीत मोठ्या कृती फार थोड्या आहेत आणि त्यांतली एक या बाईची आहे. तीही स्वयंपाकघराच्या बाहेर कुणाला कळू न देता केलेली.

स्टोल्त्स येऊन फसवणूक उघडकीला आणतो आणि ओब्लोमोवका स्वतःच्या हाती घेऊन मार्गी लावतो. ओब्लोमोवनेही एकदा हात उचलला, तो तारांत्येवला थोबाडीत मारण्यासाठी. पुढे तो अगाफ्याशी लग्न करतो, मुलगा होतो, मित्राच्या नावावरून त्याचे नाव आंद्रेई ठेवतो. पक्षाघाताचा झटका येतो. मग ती त्याला चालायला लावते, जेवणानंतर झोपू देत नाही, आणि तेही त्याला न दुखावता. ओल्गाला जे साधले नाही ते हिला थोडेफार साधते, कारण त्याला बदलायचे तिच्या मनातच नसते, फक्त जगवायचे असते. तरी हे सुखाचे घर म्हणजे ओब्लोमोवकाच पुन्हा, राजधानीच्या एका कोपऱ्यात. फरक एवढाच की पूर्वी भूदास हुकमाने राबत, ही मायेने राबते. या मायेत जाब विचारणारे कुणी उरत नाही, आणि तो झोपेतच जातो.

ओल्गा आणि स्टोल्त्स क्रिमियाच्या किनाऱ्यावर सुखात आहेत. घर, मुले, पुस्तके, कामे, सारे काही. तरी ओल्गाला अधूनमधून एक अनाम उदासी घेरते. हे सगळे मिळाले, मग पुढे काय? स्टोल्त्सकडे त्यावर उत्तर नाही. ही माणूसजातीला जडलेली व्यथा आहे, मान लववून सोसायची, एवढेच तो सांगतो. कामाच्या मागे लागलेला स्टोल्त्स आणि पलंगावरचा ओब्लोमोव या ठिकाणी जवळजवळ सारखेच निरुत्तर आहेत. ओब्लोमोवच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाला ही दोघे वाढवतात. अगाफ्या मात्वेयेव्ना गावाकडून येणाऱ्या पैशाला हात लावत नाही. तो आंद्र्यूशासाठी ठेवा म्हणते, त्याचे रक्त उमरावाचे. स्वतः ती भावजयीच्या राज्यात राबत राहते. अखेरच्या पानांवर चर्चबाहेर एक आंधळा होत चाललेला भिकारी स्टोल्त्सला भेटतो: झाखार. सोबत एक लठ्ठ, झोपाळू डोळ्यांचा लेखक आहे. स्टोल्त्स त्याला ही हकीकत सांगतो आणि ती म्हणजेच ही कादंबरी. त्या लेखकात गोंचारोवने स्वतःचेच व्यंगचित्र काढले आहे.

कादंबरी आली तेव्हा भूदासपद्धती रद्द व्हायला दोन वर्षे होती आणि रशियात त्याच प्रश्नावर खल चालू होता. मे 1859 मध्ये निकोलाय दोब्रोल्युबोव या तेवीस वर्षांच्या टीकाकाराने ‘ओब्लोमोव्श्चिना म्हणजे काय?’ हा दीर्घ लेख ‘सोव्रेमेन्निक’मध्ये लिहिला. पुश्किनचा ओन्येगिन, लेर्मोंतोवचा पेचोरिन, तुर्गेनेवचा रुदिन हे सारे मुळात ओब्लोमोवच, बोलणारे पण न करणारे, आणि त्यांचे मूळ परावलंबी जमीनदारीत आहे, हा त्याचा सिद्धांत. अलेक्सांद्र द्रुझिनिनने त्याच वर्षी दुसरी बाजू मांडली: ओब्लोमोव वाचकाला प्रिय वाटतो तो निर्मळपणामुळे, त्याच्या हातून कुणाचे वाईट होणे शक्य नाही म्हणून. दोन्ही लेखांत तथ्य आहे. दोब्रोल्युबोवने पद्धत पाहिली, माणूस कमी पाहिला. द्रुझिनिनने माणूस पाहिला, पण या निरुपद्रवी माणसाचा भार कुणाच्या अंगावर पडतो याचा हिशेब सोडून दिला. तोल्स्तोयला कादंबरी अतिशय आवडली. चेखवने मात्र 1889 मधल्या एका पत्रात स्टोल्त्सवर आपला विश्वास बसत नाही असे स्पष्ट लिहिले, आणि बहुतेक वाचक आजही त्याच्याच बाजूचे आहेत. 1922 मध्ये लेनिनने एका भाषणात तक्रार केली की क्रांत्या झाल्या तरी ओब्लोमोव शिल्लकच आहेत, कचेरीत, पक्षात, सगळीकडे. तक्रार करणारा आणि ओब्लोमोव निर्माण करणारा, दोघेही जन्माने सिम्बिर्स्कचे.

निकिता मिखाल्कोवचा 1980 चा चित्रपट सर्वांत ठाऊक असलेले रूपांतर आहे. ओलेग ताबाकोवचा ओब्लोमोव त्यात विलक्षण लोभस आहे आणि सहानुभूतीचे पारडे उघडच स्टोल्त्सच्या विरुद्ध झुकते. उन्हाळा, लायलॅक, ओल्गाचे गाणे यांना चित्रपट भरपूर वेळ देतो. व्हिबोर्गची वर्षे शेवटी निवेदनात थोडक्यात उरकतो. त्यामुळे चित्रपटावरून कादंबरीकडे येणाऱ्याला चौथा भाग जवळजवळ संपूर्ण नवा असतो.